दोष लाइनीत आहे

परवा माझ्या मोबाईलवर मेसेज आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे. तक्रार स्वयंपाकघरात पाइपच्या गॅसचा वास येतो, अशी होती. निवारणाला कोणी आलं नव्हतं, वास होता तिथेच होता, आणि मी आणि बायको खिडक्या सताड उघड्या टाकून जिन्यात बसलो होतो. मेसेजच्या खाली पाच तारे होते आणि त्यातले किती देता असं विचारलं होतं. बायको म्हणाली, एक दे. मी म्हटलं, थांब, जगताप बाईंनी काय केलं असतं ते आठवू दे. बायकोने बाईंना पाहिलेलं नाही, पण गेली कित्येक वर्षं ती त्यांच्याबद्दल ऐकते आहे, त्यामुळे तिने कपाळाला हात लावला.

जगताप बाई, म्हणजे सुलभा जगताप, नोकरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. आमचं ऑफिस हडपसरच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत होतं. तिकडे ऑस्ट्रेलियात जमिनीखालून गॅस काढणारी एक मोठी कंपनी होती. तिच्या गॅसच्या विहिरींच्या आसपास जे लोक राहत त्यांच्या तक्रारी आम्ही इकडे पुण्यात बसून फोनवर घ्यायचो. विहीर म्हणजे आपली नव्हे. जमिनीत खोल भोक पाडून वर लोखंडी तोट्या बसवलेल्या, आणि त्या एखाद्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा असायच्या. त्यांचं ऑफिस उघडायचं तेव्हा आपल्याकडे कोंबडं आरवायचं, आणि बंद व्हायचं तेव्हा आपली जेवणाची वेळ झालेली असायची. म्हणजे बाई दुपारी एकला नारायण पेठेत आपल्या घरी. जेवण, चारपर्यंत झोप, मग चहा. पुणेकराला सोयीची अशी एकच नोकरी जगात निघाली आणि तीही ऑस्ट्रेलियाने काढली, असं मी त्यांना एकदा म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही अकोल्याचे ना? मग तुम्हाला झोपेचं काय कळणार. तुमच्याकडे उन्हाने माणूस बेशुद्ध पडतो, त्याला तुम्ही झोप म्हणता." आमची तेव्हा ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

त्याआधी बाईंनी उभं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं होतं. तिथेही तक्रारीच घ्यायच्या. फोन मेला, फोनमध्ये खरखर येते, माझ्या फोनवर शेजाऱ्याच्या सुनेचं बोलणं ऐकू येतं, वगैरे. पुढे मोबाईल आले, घरोघरचे फोन लोकांनी कपाटावर टाकले, आणि बाईंच्या टेबलावर तक्रारी येईनाशा झाल्या. लोकांची तक्रारच राहिली नाही तर मी काय तिथे स्वेटर विणू, असं म्हणून त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि पेपरातली जाहिरात वाचून आमच्याकडे अर्ज केला. बाकीचे आम्ही सगळे विशी-पंचविशीतले होतो. उच्चार शिकवायला आलेल्या मुलीने त्यांना ऑस्ट्रेलियन वळण शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, की मी त्यांचं ऐकून घ्यायला बसले आहे, त्यांनी माझं ऐकून काय करायचंय. त्यांचं इंग्रजी खात्यातलं होतं, कडक इस्त्रीचं. "काइंडली होल्ड द लाइन" असं त्या म्हणाल्या, की पलीकडचा आडदांड मेंढपाळसुद्धा गप्प उभा राहत असावा.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर खुर्चीवर टाकायला घरची उशी. डब्यात पोळीला गूळ-तूप लावून केलेली गुंडाळी, रोज तीच. हेडफोनला त्या 'ते कानातलं' म्हणत आणि रोज सकाळी रुमालाने पुसल्याशिवाय घालत नसत. फोन घेतला, की पलीकडच्याचं सगळं रडगाणं एका श्वासानेही न तोडता ऐकून घेत आणि मग म्हणत, नोंदवून घेते, बोला. आधी इतका वेळ तो काय करत होता, असा प्रश्न मला पडायचा. पण गंमत अशी, की त्या 'बोला'नंतर माणूस खरं काय ते बोलायचा.

खात्यातून त्या दोन नियम घेऊन आल्या होत्या आणि त्यापुढे तिसरा नियम त्यांनी आयुष्यात मानला नाही. पहिला असा, की तक्रार करणारा स्वतःच्या तोंडाने "वाजला" म्हणत नाही तोवर तक्रार बंद करायची नाही. लाइनमनने कागदावर काहीही लिहिलं तरी बाई त्या घरी फोन लावून विचारायच्या, वाजला का? वाजला म्हटलं, की ठेवला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला एकदा तापाने पाडलं, तेव्हा रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. "उतरला?" मी नाही म्हटलं, की ठेवायच्या. एके दिवशी मी "उतरला" म्हटलं. त्यानंतर माझ्या तब्येतीची त्यांनी कधीही चौकशी केली नाही. माझी आई अकोल्याहून त्याच काळात फोन करून तास तास रडायची. पण खरं सांगतो, ताप उतरल्याचं मला बाईंना सांगायची जास्त घाई झाली होती.

दुसरा नियम असा, की दोष कुठे आहे कळत नसेल तर इन्स्ट्रुमेंट बदलून बघायचं. इन्स्ट्रुमेंट म्हणजे टेलिफोनचं यंत्र. पेठेतले एक आजोबा रोज तक्रार करायचे, की संध्याकाळी फोनमध्ये खरखर येते. लाइनमन दुपारी जायचा, लाइन चांगली आहे म्हणून लिहून यायचा. सगळे म्हणाले, म्हातारा एकटा आहे, त्याला बोलायला कोणी हवंय. बाई ड्यूटी संपल्यावर स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसल्या. आजोबांचा फोन काढून शेजाऱ्यांकडे लावला, शेजाऱ्यांचा इकडे आणला. शेजाऱ्यांकडे आजोबांचा फोन निर्मळ चालला. आणि आजोबांकडे आलेला शेजाऱ्यांचा चांगला फोन दिवेलागणीला खरखरायला लागला. म्हणजे यंत्र चांगलं, दोष लाइनीत. खात्याने इतकी वर्षं पगार देऊन मला एवढी एकच अक्कल दिली, असं बाई म्हणायच्या. त्या तेव्हा हसल्या होत्या की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण हसतानाही त्यांचा चेहरा तसाच असायचा.

आता आमच्याकडे कारभार उलटा. तिथे तक्रार किती लवकर बंद होते यावर सगळ्यांचं भलं-बुरं ठरायचं. भिंतीवर मोठा पडदा होता. वेळेत बंद झालेल्या तक्रारी हिरव्या, रेंगाळलेल्या लाल. आमचा टीम लीडर रोहन, वयाने बाईंच्या निम्मा. पोरगा वाईट नव्हता, पण लाल रंग दिसला, की त्याला खुर्चीत बसवत नसे. आणि ग्लेनिस नावाच्या एका बाईची तक्रार तिथे इतके दिवस लाल होती, की तो पडदा तिच्यासाठीच विकत आणलाय असं वाटायचं.

ही ग्लेनिस आणि तिचा नवरा मेंढ्या पाळायचे. घराभोवती गॅसच्या विहिरी झाल्या, मग हिची डोकेदुखी सुरू झाली. सकाळी उठलं, की नाकातून रक्त, म्हणजे आपण घोळणा फुटला म्हणतो ते. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. वारा तिकडून आला, की नव्या रंगकामासारखा वास. तिकडचा डॉक्टर म्हणाला, मनावर ताण आहे. गॅस कंपनीने माणूस पाठवून हवा तपासली आणि कळवलं, की सगळं मर्यादेत आहे. मर्यादा कोणाची ते कळवलं नाही. आमच्या यादीत आवाज, धूळ, वास आणि इतर एवढेच प्रकार होते. माणसाचं दुखणं 'इतर'मध्ये जायचं. कंपनीचं उत्तर आलं, की तक्रार बंद करायची अशी रीत होती. बाई उत्तर वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, आता डोकं कसं आहे? ग्लेनिस म्हणायची, तसंच आहे. बाई तक्रार पुन्हा उघडायच्या.

"मॅम, प्लीज क्लोज करा ना," रोहन म्हणायचा, "डॅशबोर्ड रेड दिसतोय."

"तिचा रुमालही तसाच दिसतोय," बाई म्हणायच्या.

मग कांद्याचं प्रकरण झालं. एकदा फोनवर बोलता बोलताच ग्लेनिसचं नाक वाहायला लागलं. बाईंनी आपल्याकडे कोणीही सांगेल ते सांगितलं. मान पुढे करून बस, टाळूवर गार पाणी थाप आणि कांदा फोडून नाकाशी धर. ग्लेनिस बिचारीने सगळं केलं. रक्त थांबलं, ते तसंही थांबलंच असतं. पण ग्लेनिसने गावच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की मी कंपनीकडे तक्रार केली तर कंपनी म्हणते कांदा हुंगा. बाप्पा, काय हलकल्लोळ झाला. तिकडच्या वकिलांचं पत्र आलं. कंपनीने कांद्याची शिफारस केली, म्हणजे कंपनीला दुखणं मान्य आहे असा अर्थ निघतो का, यावर दोन देशांतली शहाणी माणसं डोकं खाजवत होती. आम्हा सगळ्यांना खोलीत कोंडून वैद्यकीय सल्ला का देऊ नये ते शिकवण्यात आलं. शेवटी काही शंका आहे का असं विचारल्यावर बाईंनी हात वर केला आणि विचारलं, की कांदा तुमच्याकडे औषधात धरतात की भाजीत. शिकवणाऱ्याने ते टिपून घेतलं आणि वर विचारून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

त्या वेळेपर्यंत ग्लेनिसचं दुखणं पित्ताचंच आहे, असं बाईंचं मत होतं. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त. उपाशी राहू नका, आवळा खा, उन्हातून आल्याबरोबर पाणी पिऊ नका, हे त्यांनी ग्लेनिसला अधूनमधून सांगितलेलं होतं. वकिलांपर्यंत ते पोचलं नाही हे नशीब. मग ग्लेनिस समुद्राकाठी आपल्या बहिणीकडे राहून आली आणि तिचा फोन आला. बहिणीकडे गेल्यावर डोकं थांबलं, नाकही थांबलं. महिनाभर काही नाही. घरी परत आली आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू.

बाईंनी नोंदवून घेतलं. कानातलं काढून टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो इंगळे, पित्त माणसाबरोबर गावाला जातं, की घरी राहतं?"

मी म्हटलं, बरोबर जातं. कुठे राहील?

"मग हे पित्त नव्हे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. गूळ-तुपाची गुंडाळी मला दिली. मला वाटलं त्यांना ग्लेनिसचं वाईट वाटतंय. वाटत असेलही. पण त्यांच्या डोक्यात रत्ना होती.

रत्ना त्यांची धाकटी बहीण. बाईंनी स्वतः लग्न केलं नाही, पण आईवडिलांमागे रत्नाचं त्यांनीच लावून दिलं होतं. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या पुढे एक वस्ती आहे, तिथे घर, विहीर, ऊस, दोन म्हशी. माणसं चांगली. वस्तीच्या कुंपणाला लागून पेट्रोल-डिझेल साठवायच्या मोठ्या टाक्या आहेत. कुठल्या कंपनीच्या ते सांगत नाही. नाव कळून काय करणार, पेट्रोल तर आपण सगळेच भरतो. तर रत्नाला लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत डोकेदुखी लागली. डोकं, मळमळ, कधी गरगरणं. आणि पंचमीला, दिवाळीला माहेरी नारायण पेठेत आली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं गायब. परत गेली, की परत सुरू.

आता मला सांगा, सासरी दुखणारं आणि माहेरी थांबणारं डोकं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागतं का? सगळे हसले. नवरा म्हणाला, हिला माहेर लागतं. शेजारणी म्हणाल्या, सासूचा जाच असेल. आणि बाईंनी बहिणीला समजावलं, की सासूशी जुळवून घे, जरा दमाने घे. गंमत म्हणजे त्या वस्तीवरच्या सगळ्याच सुनांची डोकी दुखायची आणि सगळ्यांचीच माहेरी थांबायची. त्यामुळे त्या वस्तीवरच्या सासवा खाष्ट आहेत असं पंचक्रोशीत नाव झालं होतं. लोक तिथे मुलगी द्यायला कचरायचे. त्या सासवाही कपाळाला फडकं आवळून हिंडायच्या, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला त्या चिडलेल्याच वाटायच्या. रत्नाची सासू तशीच फडकं बांधून वारली. तिचं काय दुखत होतं ते तिला कोणी विचारलंच नाही, कारण सासूला माहेर नसतं.

बाईंनी हे सगळं मला कॅबमध्ये सांगितलं, हडपसरपासून लकडी पुलापर्यंत, सरळ समोर बघत. शेवटी म्हणाल्या, "सगळ्या पुण्याच्या तक्रारी मी नोंदवल्या. हिची तेवढी ऐकल्याबरोबर बंद करत आले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी उगाच ड्रायव्हरला गाणं लावायला सांगितलं.

त्यानंतर बाईंनी घाई केली. बहिणीला बोलावून कायमचं इकडेच राहा म्हणाल्या. रत्ना ऐकेना. पन्नाशीच्या बाईने घरदार सोडून बहिणीकडे येऊन बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील, आणि म्हशींचं काय. तिच्या नवऱ्याला, त्याला त्या दाजी म्हणत, त्यांनी फोनवर सांगितलं, की विहिरीचं पाणी पिऊ नका, जमलं तर ती जागा सोडा. दाजी म्हणाले, पाण्याला जरा रॉकेलचा वास येतो खरा, पण गाळून घेतो आम्ही. आणि रत्नीचं डोकं म्हणाल तर ते तुमच्याकडे आल्यावर थांबतं, म्हणजे इथे काही दुखणं नाही, नाटक आहे. बाईंना राग आला. तो राग कोणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी कानातलं न पुसता घातलं.

त्याच सुमाराला वरून हुकूम आला, की जुन्या राहिलेल्या सगळ्या तक्रारी एकदम बंद करायच्या. कोणीतरी कुठूनतरी एक बटण दाबलं आणि पडदा हिरवागार झाला. रोहनने पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला, कागदावर बाजूला ठेवला आणि ग्लेनिसला फोन लावला. आमचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होत, हे त्यांना माहीत होतं.

"तुमची तक्रार आमच्याकडे बंद झाली आहे," त्या आपल्या इस्त्रीच्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

पलीकडून काहीतरी छोटं उत्तर आलं. बाई म्हणाल्या, मग ती उघडी आहे, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आल्यावर त्या बसल्या आणि त्यांनी एका महिन्याच्या रजेचा अर्ज केला. कारण म्हणून लिहिलं, इन्स्ट्रुमेंट बदलून पाहणे. रोहनला वाटलं, नवा मोबाईल घ्यायचा असेल. त्याने मंजूर केला. मोबाईल घ्यायला महिना कशाला लागतो हे त्याने विचारलं नाही. बाईंना काही विचारायचं नाही हे तोवर सगळे शिकले होते.

बाई लोणीला गेल्या. जाताना रत्नाला सांगितलं, महिनाभर तू माझ्या घरी राहा, मी तुझ्या घरी राहते. म्हशी मी बघते. रत्नाला वाटलं आक्काला वेड लागलं. पण आक्काने आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून ती आली. आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या बाई तेलाच्या टाक्यांच्या कुंपणाशी राहायला गेल्या. म्हशीचं दूध त्यांनी त्याआधी पिशवीतलंच पाहिलं होतं. वस्तीवर कुजबुज झाली, की बायको माहेरी धाडली आणि मेव्हणी घरात आणली. दाजी इतके ओशाळले, की ते गोठ्यात झोपायला लागले.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी विचारू नका. बाई ऑफिसला परत आल्या नाहीत. ग्लेनिसचा एकदा फोन आला, 'अनियन लेडी' आहे का विचारत होती. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तिला सांग, आम्ही मेंढ्या विकल्या आणि बहिणीच्या गावाला आलो, डोकं थांबलं. मी विचारलं, म्हणजे तक्रार बंद? ती म्हणाली, माझी झाली, घराची नाही. वस्तीवरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली सरकारी कचेरीने नेली, ती अजून तपासत आहेत. तो वास टाकीतून झिरपून येत होता, की रांगेत उभ्या टँकरांतून, की आणखी कशातून, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. दाजी आणि रत्ना मात्र घर सोडून हडपसरजवळच्या मांजरी गावात भाड्याने राहायला आले, म्हशींसकट. बाई पुढे पुष्कळ वर्षांनी गेल्या, आपल्या घरी, झोपेत, दुपारच्या. मी लवकरच पुणं सोडलं, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वस्तीवरच.

रजेचा महिना संपत आला होता. रविवारी सकाळी मी नारायण पेठेत गेलो. रत्नाताईंनी आक्कासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती, ती पोचवायची होती. रत्नाताई चेहऱ्याने तजेलदार दिसत होत्या आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखलेलं नाही, असं त्यांनी चोरी कबूल करावी तसं सांगितलं.

मी मोटरसायकल काढली. लोणी मागे पडल्यावर टँकरची रांग लागली, मग पांढऱ्या टाक्या, मग कुंपण, मग वस्ती. उतरलो तेव्हा मला तिथला वास बरा वाटला. पंपावर गाडीत पेट्रोल भरताना येतो तसा, अगदी पुसट; लहानपणापासून मला तो आवडतो. अर्ध्या तासाने आवडेनासा झाला. तीन म्हाताऱ्या कपाळाला फडकी बांधून ओट्यावर बसल्या होत्या. मला जगताप बाई कुठे आहेत असं विचारावं लागलं, कारण त्यांतली तिसरी म्हातारी म्हणजेच बाई होत्या. लुगड्याच्या पट्टीने डोकं करकचून आवळलेलं, डोळे बारीक झालेले, चेहरा पिवळा. नारायण पेठेत घरातसुद्धा इस्त्रीची साडी नेसणारी ही बाई. मला त्या तशा बघवेनात. मी सरळ म्हणालो, की बाई, गाडीवर बसा, आपण आत्ता निघू.

"आधी तिचं सांगा," त्या म्हणाल्या. "थांबलं?"

मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी थांबलं.

"माझं पाचव्या दिवशी सुरू झालं." हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं, की मी खालीच बसलो. मग त्या गोठ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत दाजी? इन्स्ट्रुमेंट चांगलं आहे. दोष लाइनीत आहे."

दाजी म्हशीपुढे वैरण टाकत होते. उंच, काळेसावळे, तोंडाने कमी असे गृहस्थ. त्यांना इन्स्ट्रुमेंट आणि लाइन काही कळलं नसावं, म्हणून बाईंनी एकेक शब्द सावकाश सांगितला. "मला सासू नाही. मला सासर नाही. मला नाटक करायचं कारण नाही. तुमच्या घरात मला काहीएक कमी पडलं नाही, तरी माझं डोकं दुखतंय. ते माझ्या बहिणीचं डोकं आहे. तिचं मी इतकी वर्षं खोटं ठरवलं आणि तुम्हीही ठरवलंत."

एखादा डॉक्टर म्हणेल, याने काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण बाई डॉक्टरला पटवायला गेल्या नव्हत्या, दाजींना पटवायला गेल्या होत्या. बायकोचं डोकं माणूस चेष्टेवारी नेतो. घरी आलेल्या थोरल्या मेव्हणीचं डोकं तसं नेता येत नाही. ती पाहुणी असते, आणि तिचं डोकं आपल्या घरात दुखलं तर तो घराला लागलेला बट्टा असतो.

दाजींनी हातातली वैरण खाली ठेवली. ओट्याशी आले, पण बसले नाहीत. टाक्यांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या आत, कपाळावर, फडक्याची एक पट्टी घट्ट बांधलेली होती. घामाने काळी पडलेली, टोपीने झाकून जाईल एवढीच.

"माजंबी दुकतंय, आक्का," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. रत्नीला म्हायेर तरी हुतं. बाप्यानं कुनाकडं जायाचं?"

शेजारच्या म्हाताऱ्या दुसरीकडे बघायला लागल्या. मी चटणीचा पुडा हातात धरून तसाच बसलो होतो. बाईंनी दाजींकडे पाहिलं. मग ओट्यावर जरा सरकून त्यांनी दाजींना बसायला जागा केली, डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि टेलिफोन खात्यात उभा जन्म ज्या आवाजात बोलल्या त्याच आवाजात म्हणाल्या,

"नोंदवून घेते. बोला."